मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री यांस खुले पत्र : विज्ञान पदवीधराचा दर कोणी पाडला?

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स.न.वि.वि.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात गेली अकरा वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, भौतिकशास्त्र शिकवतो. शिक्षण एम.एस्सी., सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), पीएच.डी. आपला वेळ मौल्यवान आहे याची मला जाणीव आहे, आणि माझ्या वेळेचा तर दरच शासन निर्णयात छापलेला आहे, म्हणून हे पत्र थोडक्यात आटोपायचे असे ठरवून बसलो होतो. ते जमेल असे वाटत नाही.

निमित्त एका यादीचे आहे. आमच्या महाविद्यालयाला नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, पाचव्या निकषासाठी माहिती भरायची आहे : पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी किती जण नोकरीला लागले आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले. असली कामे तासिकेवरच्या माणसाकडे आपोआप येतात, कारण तो नाही म्हणू शकत नाही. माझ्या वाट्याला बी.एस्सी.ची सेहेचाळीस नावे आली. त्यांपैकी अकरा जणांना गेल्या पावसाळ्यात एका रोजगार मेळाव्यात व्यासपीठावर बोलावून, पाहुण्यांच्या हस्ते नियुक्तिपत्राची पाकिटे दिली गेली होती. तो फोटो मीच काढला होता. मुलांनी पाकिटे छातीशी धरली होती आणि एकीची आई खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

गेल्या आठवड्यात मी त्या अकरा जणांना फोन लावले. त्या नोकरीत आज दोघे आहेत. तिघांना पाकिटानंतर कोणी बोलावलेच नाही. दोघींना कळले की ते पत्र नोकरीचे नव्हते, प्रशिक्षणाचे होते, आणि ठिकाण चाकण, राहण्या-जेवण्याची सोय ज्याची त्याने करायची. बाकीचे चार ठेकेदारामार्फत लागले होते. ठेका संपला तसे तेही संपले. त्यांतला एक म्हणाला, "सर, नोकरी लागलीया असंच लिवा की. तुमचंबी काम हुईल, आन् मलाबी घरी दाखवायला हुईल."

त्याच मेळाव्यातला दुसरा प्रसंग मी आजवर घरीही सांगितला नव्हता. मुलांना रांगेत उभे करून मी एका टेबलाशी थांबलो होतो. पलीकडच्या पंचविशीतल्या अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहून विचारले, "आपला बायोडाटा?" मी समन्वयक शिक्षक म्हणून आलो आहे, एवढे सांगून विषय मिटला असता. पण माझ्या पिशवीत बायोडाटा होता, महोदय, आणि मी तो काढून दिला. माझ्या विद्यार्थ्यांच्या देखत. त्याने तो वरून खाली वाचला आणि म्हणाला, "सर, तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात." शेजारी उभी असलेली मुलगी पटकन दुसरीकडे बघू लागली.

आता पुन्हा यादीकडे येतो. सेहेचाळीसपैकी एकोणीस जण एम.एस्सी.ला गेले आहेत आणि अहवालात ते 'प्रगती' या सदरात जातील. त्यांतल्या सात जणांनी मला सरळ सांगितले की काम मिळाले नाही म्हणून प्रवेश घेतला आहे. वसतिगृहात खोली मिळते, अभ्यासिकेत जागा मिळते आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता येतो. बेकारी दोन वर्षे पुढे ढकलणे याला आपल्या कागदावर प्रगती म्हणतात. आणि दोन वर्षांनी हेच सात जण 'स्पर्धा परीक्षेची तयारी' या नावाखाली आणखी पाच वर्षे काढतील.

एका मुलाचे मात्र मला सविस्तर सांगायचे आहे. तो शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत 'स्पेक्ट्रो'वर आहे. भट्टीतून वितळलेल्या लोखंडाचा नमुना येतो, त्याची रुपयाएवढी चकती घासून यंत्रात ठेवायची, ठिणगी पाडायची, आणि निघणाऱ्या प्रकाशरेषांवरून कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती ते भट्टीवाल्याला सांगायचे. आकडा चुकला तर ती अख्खी हीट, म्हणजे भट्टीतले त्या खेपेचे सगळे लोखंड, वाया जाते. हाच मुलगा आमच्या प्रयोगशाळेतल्या डार्क रूममध्ये सोडियमच्या दिव्यासमोर अर्धा तास डोळा लावून बसला होता आणि ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा वेगळ्या दिसल्या तेव्हा ओरडला होता. म्हणजे शिकवलेले वाया गेले, असे मला म्हणता येत नाही. त्याचे ज्ञान रोज वापरले जाते. बारा तासांची पाळी, ठेकेदाराच्या पटावर नाव, हुद्दा 'हेल्पर', आणि हातात साडेअकरा हजार. त्याने वाढ मागितली, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "सरकारच ग्रॅज्युएटला दहा हजार देतंय, आम्ही दीड हजार जास्तच देतोय."

महोदय, हे एक वाक्य मला गेला आठवडाभर झोपू देत नाही, कारण ते खरे आहे. २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधर व पदव्युत्तराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. हेतू चांगला असेल, त्याबद्दल मी वाद घालत नाही. पण पदविकेवर पदवीची किंमत महिना दोन हजार आणि पदवीवर पदव्युत्तर पदवीची किंमत शून्य, हा हिशेब सरकारने जाहीर केला. उद्यमनगरातल्या कारखानदाराने तो वाचला, ठेकेदाराने पाठ केला. बाजारातला भाव पडला की आपण व्यापाऱ्याला शिव्या देतो. इथे पहिली बोली सरकारनेच लावली आहे.

आमच्या घरी एक म्हैस आहे. डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी होते आणि फॅट लागेल तसा दर मिळतो. फॅट एका पॉइंटने वाढली तर पैसे वाढतात. माझे गेल्या शैक्षणिक वर्षाचे मानधन मार्चअखेरीस एकरकमी जमा झाले. तोवर घर म्हशीवर आणि खाजगी शाळेत शिकवणाऱ्या पत्नीवर चालले. वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली, आणि दुसऱ्या वेळी तेच म्हणाले की मला अजून दिसतंय, राहू दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन नाही. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, अकराव्यांदा स्वतःचे नाव सांगायचे. आठवड्याला नऊ तासिकांची मर्यादा असल्याने मी दुसऱ्या तालुक्यातल्या आणखी एका महाविद्यालयातही जातो. दुचाकीचे पेट्रोल वजा केले तर तिथे मी कशासाठी जातो हे मला सांगता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासिकेस १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे दर सांगितले होते. ते परिपत्रक मी छापून ठेवले आहे. मुलगा त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढतो.

पीएच.डी.ला माझी सहा वर्षे गेली. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. लागणार, असे नियम सांगत होते. १ जुलै २०२३ पासून ती ऐच्छिक झाली. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने नव्या भरतीवर बंदी घातली, तेव्हा करोना होता, आम्ही समजून घेतले. पुढच्या वर्षी सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ पदांना मान्यता मिळाल्याची बातमी आली, तेव्हा माझ्या आईने शेजारी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. तिला वाटले, एवढ्या दोन हजारांत आपला एक बसेल. त्यानंतर भरतीची प्रत्येक घोषणा मी तिच्यापासून लपवतो.

आणि हे मी एकट्याचे रडगाणे म्हणून लिहीत नाही, जरी आतापर्यंत ते तसेच झाले आहे. माझ्यासमोर बसणारा विद्यार्थी माझ्याकडे बघून गणित मांडतो. मी त्याला विज्ञान दिनाला सांगतो की जयंत नारळीकर याच कोल्हापुरात जन्मले, २०२४ चा शॉ पुरस्कार मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी आपल्या कुरुंदवाडचे. मुले टाळ्या वाजवतात. नंतर त्यांतला एखादा माझी जुनी दुचाकी बघतो आणि पोलीस भरतीच्या मैदानावर धावायला जातो. त्याला मी दोष कोणत्या तोंडाने देऊ?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत : लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडतच नाही, म्हणून हा फरक दिसतो, एवढे मला समजते. तरीही १९१७ मध्ये ज्या संस्थानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, जातीजातींच्या पोरांसाठी वसतिगृहे उभी केली, त्या गावात बसून हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचणे सोपे नाही. दसरा चौकातून जाताना मी हल्ली बोर्डिंगांच्या पाट्यांकडे बघत नाही.

देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. पण भाषण ऐकावे तर आपण जगाचे ज्ञानगुरू होऊन बसलो आहोत. अभियांत्रिकीच्या जागांवरची कमाल मर्यादा २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी उठली, आणि प्रत्येक संस्थेला आपण चांगले असल्याचा साक्षात्कार झाला. संगणक शाखेच्या तुकड्या वाढल्या. ती मुले रविवारी रात्री तावडे हॉटेलच्या थांब्यावर पाठीला बॅग लावून पुण्याच्या गाड्यांची वाट बघत उभी असतात. कोल्हापूरच्या आयटी पार्कची चर्चा शेंडा पार्कच्या जागेवर किती वर्षे घिरट्या घालते आहे, हे आपण जाणताच. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच मिळायला आम्हाला चाळीसहून अधिक वर्षे लागली, ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. त्याच वेगाने गेलो तर माझ्या विद्यार्थ्यांच्या नातवंडांना इथे नोकरी मिळेल.

नव्या शैक्षणिक धोरणाने एम.एस्सी.च्या मुलांना प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक दिले. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात मुले गोकुळ शिरगावपासून कागलपर्यंत कारखान्यांच्या गेटवर फिरतात, सुरक्षारक्षक त्यांना आत सोडत नाही, आणि शेवटी कोणाच्या तरी मामाच्या वर्कशॉपच्या लेटरहेडवर शिक्का घेऊन येतात. मी त्यावर सही करतो. माझी सही तेवढी कायमस्वरूपी चालते.

पात्र मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क २०२४ मध्ये माफ झाले, त्यासाठी मी आपल्या विभागाचे मनापासून आभार मानतो; आमच्या दोन विद्यार्थिनी त्यामुळे अभियांत्रिकीत टिकल्या. पण आत येण्याचे दार उघडणारे सरकार बाहेर पडण्याच्या दाराशी कधी उभे राहणार?

माझ्या मागण्या फार नाहीत. मान्य पदे ठरलेल्या मुदतीत भरावीत, आणि ती भरेपर्यंत तासिकेचे मानधन महिन्याच्या महिन्याला द्यावे, डेअरीइतके नियमित नसले तरी चालेल. मेळाव्यात वाटलेल्या प्रत्येक पाकिटाचे एक वर्षानंतर काय झाले, हे पगाराच्या पावतीसह विद्यापीठाने तपासून जाहीर करावे, महाविद्यालयाने स्वतःच स्वतःबद्दल लिहून देऊ नये. आणि पदवीधराचा जो दर सरकार स्वतः देते, तो ठरवताना पदवीला आणि पदव्युत्तर पदवीला निदान फॅटएवढा तरी भाव असावा.

यादी शनिवारपर्यंत द्यायची आहे. काल संध्याकाळी मी 'नोकरी' या रकान्यात त्या चार ठेकेदारी मुलांची नावे लिहावीत की नाही, याचा विचार करत बसलो होतो, तेवढ्यात मला एक फोन आला. मी जिथे शिकलो, त्या विभागातून कोणी तरी बोलत होता. आवाज तरुण, बहुधा माझ्यासारखाच तासिकेवरचा. त्यांचेही मूल्यांकन आले आहे. त्याने अदबीने विचारले, "सर, माजी विद्यार्थ्यांच्या यादीत तुमचं नाव 'उच्च शिक्षणातील सेवा' मध्ये घेतोय, चालेल ना? फक्त चालू नियुक्तिपत्राची एक प्रत पाठवा."

माझ्या नियुक्तिपत्राची मुदत एप्रिलमध्ये संपली आहे. नवे अजून आलेले नाही. मी त्याला सोमवारी पाठवतो म्हणून सांगितले आहे.

आपला विश्वासू,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक (भौतिकशास्त्र),
जि. कोल्हापूर.