ताई, त्या ९२ दिवसांसाठी थँक्यू

प्रिय ताई,

हे खरं तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत पाठवणार होते, पण लिहायला बसले तर लांबतच गेलं, आणि मग म्हटलं उघडच लिहू, कारण दर फेब्रुवारी-मार्चला एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर गेलेलं कोणी ना कोणी अमेरिकेतला टॅक्स रिटर्न भरताना माझ्यासारखंच अडकलेलं असतं. तुमचं नाव लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

तो शनिवार आठवतोय ना, होळीच्या आदल्या दिवशीचा, मार्च २०२४. मी तुमच्याकडे लॅपटॉप घेऊन आले ते फक्त एक शंका विचारायला, की डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद) वरचा एक आकडा कुठे टाकायचा. बाकी सगळं माझ्या मते झालेलं होतं. सॉफ्टवेअरने प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, १०४० (रेसिडेंटचा टॅक्स रिटर्न) तयार झाला, रिफंड पण दिसत होता, फक्त सबमिट राहिलं होतं. ऑफिसमधल्या मित्राने तसंच भरलं होतं, त्याचाही एच-१बी माझ्याच दिवशी सुरू झाला होता, मग माझं वेगळं कशाला असेल असं मी धरून चालले होते.

तुम्ही डब्ल्यू-२ कडे बघितलंच नाहीत. "अमेरिकेत पहिल्यांदा कधी उतरलीस?" म्हणालात. मी म्हटलं ऑगस्ट २०१९. "आणि एच-१बी कधीपासून?" १ ऑक्टोबर २०२३. तुम्ही माझा लॅपटॉप बंद केलात आणि माझ्यासमोर वही आणि पेन्सिल ठेवलीत, म्हणालात, "दिवस मोज."

मला तेव्हा खरंच राग आला होता ताई, आज सांगते. वाटलं एवढ्या दुरून आले, सरळ उत्तर सांगा ना. पण तुम्ही पोळ्या लाटत बसलात आणि मी मोजत बसले. ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, झाले ९२. तुम्ही विचारलंत, "आणि जानेवारी ते सप्टेंबरचे?" मी म्हटलं ते पण मोजू का, तर तुम्ही हसून म्हणालात, "नाही, तेच तर आहे सगळं."

मग तुम्ही पब्लिकेशन ५१९ चं (आयआरएसची, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याची, परदेशी लोकांसाठीची गाइड) ते जाड प्रिंटआउट काढलंत, कडा पिवळ्या झालेलं आणि सगळीकडे हायलाइटरने रंगवलेलं, आणि पहिल्यांदा मला कोणीतरी नीट समजावून सांगितलं की व्हिसा आणि टॅक्समधला रेसिडेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफ-१ वर असताना पहिली पाच कॅलेंडर वर्षं आपले दिवस मोजलेच जात नाहीत. आणि ही पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं पूर्ण राहणं नाही, त्या वर्षात एक दिवस जरी इथे एफ-१ वर काढला असेल तरी ते अख्खं वर्ष खर्ची पडतं. माझी झाली २०१९, २०, २१, २२ आणि २३, पाचवं आणि शेवटचं. म्हणजे २०२३ मध्ये सप्टेंबरअखेरपर्यंतचे दिवस शून्य, त्याआधीच्या वर्षांचे पण शून्य, आणि उरले फक्त एच-१बी चे ९२. रेसिडेंट ठरायला इथले दिवस मोजायची जी टेस्ट असते तिला लागतात १८३. म्हणजे ३१ डिसेंबरला माझ्याकडे एच-१बी होता तरी २०२३ साठी मी नॉनरेसिडेंट, फॉर्म १०४०-एनआर (नॉनरेसिडेंटचा रिटर्न), सोबत फॉर्म ८८४३ (कोणते दिवस मोजायचे नाहीत ते सांगणारा).

आणि माझा मित्र? तो आला होता ऑगस्ट २०१८ मध्ये. त्याची पाच वर्षं २०२२ लाच संपली, त्यामुळे २०२३ मध्ये त्याचा एफ-१ वरचा प्रत्येक दिवस मोजला गेला आणि तो १ जानेवारीपासूनच रेसिडेंट. त्याचा १०४० बरोबर होता, माझा तोच १०४० चुकीचा ठरला असता. एकच ऑफिस, एकाच तारखेचा एच-१बी, पण फॉर्म दोन! हे मला त्या दिवशी कळलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आम्ही सगळेजण एकमेकांना विचारून भरतो आणि ज्याला रिफंड जास्त आला त्याचं बघून भरतो, आगमनाचं वर्ष कोणी विचारतच नाही. तुम्ही सांगितलेलं ते उदाहरण तर मी सगळ्यांना सांगते, की कोणी २८ डिसेंबरला उतरला तर त्या चार दिवसांत त्याचं एक वर्ष गेलं.

मग १०४०-एनआर चं शेड्यूल ओआय (इतर माहितीचं पान) उघडून तुम्ही मला दाखवलंत की बघ, तिथे सरळ विचारलंय वर्षाच्या शेवटच्या दिवशी स्टेटस काय होतं, कधी स्टेटस बदललंय का, या वर्षात कधी आलात कधी गेलात, आणि याआधीच्या दोन वर्षांत इथे किती दिवस होतात. हे लपवायचं काही नाही, त्यांना माहितीये माणसं अशी मधेच बदलतात, फॉर्ममध्येच जागा ठेवलीये. मला हे ऐकून केवढं हलकं वाटलं सांगू. तोवर मला वाटत होतं मधल्या ऑक्टोबरमुळे मी काहीतरी गुंतागुंतीची, चुकीची केस आहे. आणि बदलाची तारीख कुठून घ्यायची तर आय-७९७ (एच-१बी मंजुरीची नोटीस) च्या खालच्या भागात जो नवीन आय-९४ (इथे राहण्याच्या परवानगीची नोंद) असतो तिथून. तो कागद मी फाइलमध्ये ठेवून दिला होता, खालचा भाग कधी वाचलाच नव्हता.

फर्स्ट इयर चॉइसचं (वर्षाच्या काही भागासाठी रेसिडेंट धरून घ्यायचा पर्याय) पण सांगितलंत, पण त्यासाठी फॉर्म ४८६८ ने मुदत वाढवून नवीन वर्षात टेस्ट पास होईपर्यंत थांबावं लागतं आणि माझ्यासारख्या एकटीला त्याचा फायदा नव्हता, म्हणून तो विषय आपण पाच मिनिटांत सोडला. सेव्हिंग्ज अकाउंटचं जे थोडं व्याज सॉफ्टवेअरने उत्पन्नात धरलं होतं ते पण तुम्ही काढायला लावलंत, नॉनरेसिडेंटला इथल्या बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर टॅक्स नाही म्हणून.

मला वाटलं झालं, निघते आता. आणि तेव्हा तुम्ही पे-स्लिप मागितलीत.

ती वेळ मी विसरणार नाही ताई. मी फोनवर फेब्रुवारी २०२३ ची पे-स्लिप उघडून दिली, तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "हे फेब्रुवारीत कशाला कापलंय?" फेड ओएएसडीआय/ईई (सोशल सिक्युरिटी) २०१.५०, फेड मेड/ईई (मेडिकेअर) ४७.१३. मी म्हटलं सगळ्यांचंच कापतात ना, सोशल सिक्युरिटी. तुम्ही म्हणालात आधीच्या कंपनीत कापत होते का? नव्हते. २०२१ आणि २२ मध्ये एक डॉलर कापला नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये नोकरी बदलली आणि नव्या कंपनीच्या पेरोलने बाकीच्यांसारखंच माझंही सुरू केलं, ६.२ टक्के आणि १.४५ टक्के, दर महिन्याला दोनदा, आणि मी वर्षभर बघितलंच नाही. एफ-१ वरच्या नॉनरेसिडेंटला हा कट लागत नाही, ओपीटीवर (शिक्षणानंतर एफ-१ वरच मिळणारी कामाची परवानगी) पण नाही. तो लागू होतो एच-१बी सुरू झाल्यापासून, म्हणजे माझ्या बाबतीत १ ऑक्टोबरपासून, मग त्या वर्षाचा टॅक्स रिटर्न नॉनरेसिडेंटचा असला तरी. तुम्ही पुन्हा पेन्सिल दिलीत. वर्षाच्या ७८,००० डॉलर पगारावर एकूण ५,९६७ डॉलर कापले होते, त्यातले शेवटच्या तीन महिन्यांचे १,४९१.७५ बरोबर, आणि आधीच्या नऊ महिन्यांचे ४,४७५.२५ चुकून गेलेले.

चार हजार चारशे पंचाहत्तर! मी त्या वर्षी घरी पाठवलेल्या पैशांपेक्षा जास्त. मी तिथे तुमच्या किचनमध्ये रडले, तुम्ही काही बोलला नाहीत, ताटात गरम पोळी वाढलीत फक्त.

पुढे जे झालं ते थोडक्यात. आधी कंपनीकडेच मागायचं हा नियम, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे एचआरला ईमेल केला, त्यात ही सूट देणारं कलम ३१२१(बी)(१९) लिहिलं, आय-२० (कॉलेजने दिलेला एफ-१ चा कागद), ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) आणि आय-९४ जोडलं. तीन वेळा लिहिलं, शेवटी उत्तर आलं की वर्ष बंद झालंय, आम्ही काही करू शकत नाही. खरं तर दुरुस्त डब्ल्यू-२ देऊन त्यांना करता आलं असतं, पण तुम्ही म्हणालात भांडू नकोस, नोकरी पण तिथेच आहे, हे नकाराचं ईमेलच आता तुझा कागद आहे. पैसे परत मागताना जोडायच्या फॉर्म ८३१६ वर विचारतातच की कंपनीने काही परत दिलंय का. मग फॉर्म ८४३ (परतावा मागायचा), ८३१६ आणि सगळ्या कॉप्यांचा गठ्ठा, मे महिन्यात पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने पाठवला, पावती तुम्हाला फोटो काढून पाठवली. डिसेंबरमध्ये चेक आला. मधल्या सात महिन्यांत मी तुम्हाला किती वेळा विचारलं असेल की हरवलं तर नसेल ना, आणि दर वेळी तुम्ही न कंटाळता सांगितलंत की क्लेमला तीन वर्षांची मुदत असते, हरवलं तर परत पाठवू.

अजून एका गोष्टीसाठी थँक्यू म्हणायचंय आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी सरसकट वजावट. नॉनरेसिडेंटला ते मिळत नाही, पण भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका टॅक्स कराराच्या कलम २१(२) मुळे मिळतं, २०२२ चं मी तसंच घेतलं होतं. पण २०२३ मध्ये मी नऊ महिने ओपीटीवर आणि तीन महिने एच-१बी वर. तुम्ही कराराचा तो परिच्छेद दोनदा वाचलात, शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू असताना या शब्दांवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "हे मी सांगणार नाही. यासाठी सीपीएला (म्हणजे इथल्या सीएला) पैसे दे, एवढ्या एका प्रश्नाचे." आणि सीपीएला काय काय विचारायचं ते पण लिहून दिलंत. त्यांनी माझे कागद बघून जे सांगितलं ते माझ्या केसपुरतं आहे म्हणून इथे लिहीत नाही. पण ताई, इथे प्रत्येक जण छातीठोकपणे सल्ला देतो, हे मला माहीत नाही म्हणणारं माणूस मला त्या पूर्ण सीझनमध्ये एकच भेटलं.

पैसे तर तुम्ही घेतले नाहीतच. रिटर्नवर एक आकडा पण तुम्ही स्वतः टाकला नाहीत, सगळं माझ्याकडून करून घेतलंत, सही माझी तर टाइप पण मीच करायचं.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं हे सगळं कुठे शिकलात, तुम्ही अकाउंट्सच्या नाही, काही नाही. तुम्ही म्हणालात एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) होते ना, २०१५ च्या आधी आम्हाला कामाची परवानगीच नव्हती, दिवसभर घरात. आमच्या यांचा रिटर्न चुकीचा भरला गेला होता, तो निस्तरताना वाचायला लागले आणि मग वाचतच गेले. एवढंच म्हणालात आणि विषय बदललात. मला त्या पिवळ्या पडलेल्या कडा आठवल्या. ती सगळी वर्षं, सगळ्या दुपारी, तो हायलाइटर. त्या दुपारींचा मला फायदा झाला आणि त्याबद्दल नुसतं थँक्यू म्हणणं मला फार कमी वाटतं, पण दुसरा शब्द मला सापडत नाहीये.

यावर्षीचं सांगते आता. २०२४ साठी मी पूर्ण वर्ष रेसिडेंट, १०४० मी एकटीने भरला, स्टँडर्ड डिडक्शन १४,६०० सरळ. भारतातलं व्याज पण दाखवलं, एनआरई एफडीचं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांची ठेव) सुद्धा, तिकडे ते टॅक्स-फ्री असलं तरी इकडे नाही हे तुम्ही बजावलं होतं. बाबांच्या खात्यात माझं जॉइंट नाव आहे, ते पैसे माझे नाहीत तरी त्या खात्याची पूर्ण रक्कम धरून सगळ्या खात्यांची बेरीज केली, १०,००० डॉलरच्या वर गेली म्हणून एफबार (अमेरिकेबाहेरच्या खात्यांची माहिती द्यायचा फॉर्म) पण भरला, तो रिटर्नबरोबर जात नाही, वेगळा फिनसेनच्या (अमेरिकेच्या अर्थखात्याचा एक विभाग) साइटवर भरायचा हे लक्षात होतं. बाबांना फोन करून प्रत्येक खात्याचा वर्षातला सगळ्यात मोठा बॅलन्स विचारला, ते जरा गोंधळले, अमेरिकेला माझं पासबुक कशाला हवंय म्हणाले, पण पासबुकाच्या पानापानाचे फोटो काढून पाठवले. माझ्या नावाने सुरू केलेली म्युच्युअल फंडाची एसआयपी त्यांनी थांबवली आहे, पण परदेशी फंडांसाठीच्या फॉर्म ८६२१ चा प्रश्न शिल्लक आहे, तो मी परस्पर सीपीएकडे नेतेय, तुम्हाला त्रास देणार नाही.

शनिवारी येतेय. एफबारची कन्फर्मेशन आणि भरलेला १०४० प्रिंट करून आणते, एकदा नजर टाका. आईने तुमच्यासाठी मेतकूट पाठवलंय, मागच्याच आठवड्यात एक ओळखीचे आले त्यांच्याबरोबर. पैशांना नाही म्हणालात, याला म्हणू नका. आणि माझ्या ऑफिसातली एक मुलगी बरोबर येईल, ऑगस्ट २०२० मध्ये आलेली, एच-१बी ऑक्टोबर २०२४ पासून. तिच्याकडून मी दिवस मोजून घेतलेत, पे-स्लिप पण काढायला सांगितलीये. फक्त मी बरोबर सांगितलंय ना तेवढं बघा.

तुमची,
धाकटी बहीण