कूलर पाठवत नाही

चि. सुमेध,
अनेक आशीर्वाद.

दुकानातला एक कूलर ट्रान्सपोर्टने चेन्नईला, अंबत्तूरला लावून द्या, असं तू फोनवर म्हणालास. पाठवत नाही. सीझनमध्ये माल द्यायला जिवावर आलं असं समजू नकोस. तो तिथे कामच करणार नाही, आणि बापाने पोराला निकामी माल कशाला द्यावा?

शाळेत असल्यापासून तू कूलरच्या जाळ्यांत गवत भरलं आहेस. पाणी उडतं म्हणून हवा गार होते, हे तुला सांगायला नको. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असलं तरी हवा इतकी कोरडी असते, की ओल्या गवतातून येताना ती पंधराएक अंशांनी उतरते. चेन्नईत पारा ३७-३८ वर असेल, पण हवेत समुद्राची वाफ आधीच भरलेली. पाणी उडणार कुठे? जुलैत आपण काय करतो ते आठव. पंप बंद करून नुसता पंखा चालवतो, नाहीतर गाद्या-चादरी ओलसर लागतात. तिथे भर मे महिन्यात तीच गत.

अंगाचंही तेच. घाम आला म्हणून कोणी गार होत नाही, तो वाळला म्हणून होतो. तिथे तो नुसता ओघळतो. म्हणून नागपुरात शिकलेलं निम्मं तिथे उलटं कर. आपण सकाळी नऊलाच खिडक्या लावून पडदे ओढतो, कारण बाहेर झळा असतात. तिथे सकाळी ऊन आत येऊ देऊ नकोस, पण दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पूर्वेची खिडकी उघड आणि समोरचं दारही. तुम्ही किनाऱ्यापासून आत आहात, तेव्हा तो थोडा उशिराच पोचेल. एखाद्या दिवशी जमिनीकडचा पश्चिमेचा वारा त्याला अडवून धरतो. तो दिवस सगळ्यात वाईट, त्या दिवशी ओव्हरटाइम घेऊ नकोस. तोंडाला घट्ट दुपट्टा बांधून फिरायची आपली सवयही सोड. आपल्याकडे तो झळांपासून वाचवतो, तिथे आतच भिजेल. सैल सुती शर्ट घाल आणि छत्री ठेव.

आणखी एक. आपल्याला नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, संपला की पावसाचे वेध लागतात. तिथले लोक ४ मेपासून २८ मेपर्यंतच्या दिवसांना अग्नी नक्षत्र म्हणतात, पण ते संपलं म्हणून सुटलास असं नाही. जून तसाच जातो. चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा.

नवीन हवेला अंग सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर कारखान्यात शॉपफ्लोअरवर जोर दाखवू नकोस. घामावाटे मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी ढोसत बसू नकोस. तिथे नीर मोर मिळतं, म्हणजे आपलं पातळ ताकच, मीठ-कढीपत्ता घातलेलं. दुपारी ते पी. ताडगोळेही खा, त्यांना तिथे नुंगू म्हणतात. फार गळून गेल्यासारखं वाटलं तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्ध्या ग्लासात दाटून पिण्यात शहाणपण नाही.

घाम थांबला म्हणजे ऊन लागलं, असं आपल्याकडे म्हणतात. त्यावर विसंबू नकोस. घामाने निथळणारा माणूसही आतून तापलेला असू शकतो. तू किंवा सोबतचा कोणी बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर सावलीत नेऊन कपडे सैल करायचे, अंगावर भरपूर पाणी ओतत जोरात पंखा लावायचा आणि १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

घामोळ्या येतीलच. दोनदा आंघोळ कर, अंग कोरडं पूस. पण जांघेत किंवा काखेत कडा उठलेला गोल डाग आला तर तो नायटा. मेडिकलवाला हमखास मिश्र मलमाची ट्यूब पुढे करतो. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते आणि मग नायटा फोफावतो. त्वचेच्या डॉक्टरकडेच जा, शंभर-दोनशे वाचवू नकोस. ओले मोजे परत घालू नकोस. चामड्याचे बूट पेटीत कोंबू नकोस, बुरशी धरेल.

आता झोपेचं. कूलरवाल्याच्या तोंडून हे निघतंय म्हणून तुझी आई हसते आहे, पण तू एसी घे. एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं ते खोलीतल्या हवेतलंच असतं. हवेतला तो ओलावाच तर तुझी अडचण आहे. १८ वर लावून गोधडी घेऊन झोपायची गरज नाही. २६ ठेव आणि वर पंखा हळू चालव. रात्री तेवढी थंडी नको असेल तर ड्राय मोड बघ, त्यात मुख्यतः ओलावाच काढला जातो.

घेण्याआधी घरमालकाशी बोल. भाडेकरूकडून युनिटमागे किती घेतो आणि खोलीतली वायरिंग एसीचा भार सोसेल का, हे दोन्ही विचार. वायरिंगला हात लावायची त्याची तयारी नसेल, तर खोली बदल. अर्धे पैसे मी टाकतो, पण बिल तुझं तू भर.

तुझा,
बाबा