मुलांच्या मैदानावरील वागणुकीविषयी मित्रास पत्र

रामबाग, इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू सोसायटीतल्या मुलांचा फुटबॉल संघ उभारायला घेतला आहेस, हे वाचून अतिशय आनंद झाला. सराव कसा घ्यावा, असे तू विचारले आहेस. परंतु पासिंग आणि ड्रिब्लिंग शिकवणारे तुला पुष्कळ भेटतील, म्हणून मी मुलांच्या वागणुकीविषयीच सविस्तर लिहितो.

माझ्या मते मुलांची खिलाडूवृत्ती बिघडायला सुरुवात होते ती साइडलाइनवर. मागे इथे बारा वर्षांखालील मुलांचा एक सामना पाहिला. एका बचावपटूच्या पायाला अडखळून प्रतिस्पर्धी फॉरवर्ड पडला, त्या मुलाने लगेच थांबून त्याला हात पुढे केला, तोच घरी अस्सल मराठी बोलणारे त्याचे वडील बाहेरून हिंदीत ओरडले, "अरे, उसको छोड़, बॉल देख!" मुलाने हात मागे घेतला. थोड्या वेळाने त्याच्याविरुद्ध फाउल दिला गेला, तेव्हा तो दोन्ही हात पसरून थेट रेफरीच्या अंगावर धावून गेला, आणि त्याचा तो आविर्भाव हुबेहूब वडिलांचा होता. मला त्या मुलाचे फार वाईट वाटले, कारण मदतीचा हात त्याने कुणीही न सांगता पुढे केला होता.

म्हणून पहिली बैठक पालकांची घे आणि त्यांना टाळ्या वाजवण्यापलीकडे कोणतीही सूचना न करण्याची विनंती कर. रेफरीशी फक्त कर्णधाराने, खेळ थांबल्यावर आणि अदबीने बोलावे. फुटबॉलचे नियम कर्णधाराला कोणताही खास अधिकार देत नाहीत, मात्र संघाच्या वर्तनाची काही जबाबदारी त्याच्यावर टाकतात. तेव्हा ते पद आळीपाळीने सर्वांना दे.

मुलांना जर्मन फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोजेची हकीकत अवश्य सांग. सप्टेंबर 2012 मध्ये इटलीतील नापोली संघाविरुद्ध लाझिओ या तिथल्याच संघाकडून खेळताना त्याचा हात लागून चेंडू गोलात गेला आणि रेफरीने गोल दिलाही. परंतु क्लोजेने स्वतःहून खरे सांगितले आणि गोल रद्द झाला. पुढे लाझिओ तो सामना 0-3 असा हरला, हेही लपवू नकोस. प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून विजय मिळतो असे मुलांना सांगितले, तर पहिल्याच पराभवात त्यांचा त्यावरचा विश्वास उडेल.

शिक्षेबाबत मात्र मऊ राहू नकोस. पिवळे आणि लाल कार्ड 1970 च्या विश्वचषकापासून आले. पण लहान मुलांसाठी मला तात्पुरते बाहेर बसवणे अधिक योग्य वाटते. युवा फुटबॉलमध्ये नियमांनीच त्याला मुभा दिली आहे आणि त्याचा अवधी एकूण खेळाच्या 10 ते 15 टक्के असावा असे सुचवले आहे, म्हणजे साठ मिनिटांच्या सामन्यात सहा ते नऊ मिनिटे. तेवढ्यात मूल शांत होते आणि पुन्हा खेळायलाही मिळते.

आणखी एक, सरावाचे काही सामने रेफरीशिवाय खेळव आणि ज्याच्याकडून फाउल होईल त्यानेच हात वर करावा असे ठरव. सुरुवातीला भांडणे होतील, तरीही तू मध्ये पडू नकोस. निकाल त्यांचा त्यांनाच लावू दे.

तुझा स्नेहांकित