मुरघासाचं यंत्र नको, पिशव्या द्या : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सा. न. वि. वि.

मी सांगोला तालुक्यातला मेंढपाळ. चाळीस मेंढरं, यंदाची अठरा कोकरं. आईचं दूध आटल्यापासून विकेपर्यंत कोकराच्या तोंडात काय घालायचं, हाच आमचा सगळा हिशेब. नेमका तेव्हा उन्हाळा असतो. मग सरकी पेंड आणि मक्याचा भरडा उधारीवर आणायचा आणि सांगोल्याच्या बाजारात कोकरू विकून ती उधारी फेडायची.

मुरघास करा, म्हणजे हिरवा चारा कापून हवा न लागता मुरवून ठेवा, असं शिबिरात सांगतात. पण मुरघास म्हणजे मका! मक्याला रान हवं, पाणी हवं. ते असतं तर मेंढरामागं कशाला हिंडलो असतो?

माळशिरस-पंढरपूरकडं ऊस गाळपाच्या दिवसांत फडात वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, ढीग पडतात. एप्रिलमध्ये पेंढी मिळत नाही. दोन वर्षं मी वाढ्यांची कुट्टी करून, थोडी सुकवून 50 किलोच्या पिशव्यांत दाबून भरतोय. वाढ्यात प्रथिनं कमी, म्हणून चौथा हिस्सा सुबाभळीचा पाला (सुबाभूळ जास्त झाली तर लोकर गळते). वाढ्यातलं ऑक्झॅलेट जनावराला बाधू नये म्हणून खाऊ घालताना चुन्याची निवळी. 45 दिवसांनी पिशवी उघडली की आंबूस-गोड वास येतो. कोकरांना तीन महिन्यांनंतरच, तेही मुठीनं सुरुवात. बुरशी दिसली तर पिशवी थेट उकिरड्यावर. असल्या मुरघासानं मान वाकडी करून गोल गोल फिरणारी मेंढी मी पाहिलीय. पेंड बंद झाली नाही, पण निम्म्यावर आली.

मेंढपाळांसाठीच्या सरकारी महामेष योजनेत मुरघासाच्या गासड्या बांधायच्या यंत्राला 50 टक्के अनुदान आहे. उरलेले 50 टक्के आणायचे कुठून? आणि चराईला निघाल्यावर ते यंत्र कुणाच्या पाठीवर लादायचं? मोठी गासडी फोडली की हवा लागून खराब व्हायला लागते. 50 किलोची पिशवी माझा कळप एका दिवसात संपवतो. म्हणून योजनेत या पिशव्या घाला, आणि चार-पाच वाड्यांत मिळून एक कडबाकुट्टी द्या.

मेंढी व शेळी विकास महामंडळाचं महूदचं प्रक्षेत्र आमच्याच तालुक्यात आहे. तिथं वाढ्याच्या मुरघासावर कोकरांची एक तुकडी वाढवून बघा आणि दर महिन्याची वजनं दारातल्या फळ्यावर लिहा. माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवायची गरज नाही.

गाळप नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतं. पिशव्या मार्चअखेरीस निधी संपवायला वाटणार असाल, तर त्यांत काय भरायचं तेही कळवावं.

आपला,
एक मेंढपाळ, ता. सांगोला, जि. सोलापूर