जूनमध्ये याल तेव्हा…

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडे बाहेर जेवायला गेलो तर आम्ही बोलायचं काय गं?" मी घाईत होते, "तुम्ही या तर आधी" म्हणून मोकळी झाले. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

इथे फिनलंडमध्ये, टाम्पेरेत, कामाच्या दिवशी दुपारी बाहेर जेवायचं म्हणजे 'लोउनास'. साधारण अकरा ते दोन या वेळात मिळतं. पैसे बहुतेक ठिकाणी आधीच भरायचे आणि मग ताट आपलं आपण वाढून घ्यायचं. कोशिंबीर, पाव आणि शेवटची कॉफी सहसा त्यातच येते. जेवण झालं की ट्रे उचलून मांडणीत नेऊन ठेवायचा. बाबा, लग्नकार्यातसुद्धा तुम्ही आपलं ताट स्वतः उचलता, त्यामुळे तुम्हाला हे आवडेल. टीपेची अपेक्षा कुणी करत नाही. एक मात्र सांभाळा. संध्याकाळी मोठ्या हॉटेलात गेलो तर वेटरला "अहो, इकडे या" अशी हाक मारू नका. त्याच्याकडे बघून हात जरासा वर केला की तो येतो. आजूबाजूची माणसं हळू बोलतात, मधूनच गप्पही बसतात. ती आपल्यावर नाराज आहेत असं मनात आणू नका.

आता भाषेचं सांगते. फिनिशमध्ये 'प्लीज'ला शब्दच नाही. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपण उद्धटासारखं मागतोय. मग लक्षात आलं, की आपण तरी 'कृपया' कुठे म्हणतो? तो शब्द फलकांवर. घरात आपण म्हणतो "जरा पाणी द्याल का?" सगळा आदर त्या 'द्याल'मध्ये असतो. इथेही तसंच आहे. 'साइसिन्को' म्हणजे 'मला मिळेल का'. नम्रपणा क्रियापदातच आला. "साइसिन्को लासिन वेत्तॅ?" म्हणजे एक ग्लास पाणी मिळेल का.

आणि बाबा, तुम्ही आम्हाला पाठ करून घेतलेलं 'स-ला-ते, स-ला-ना-ते' इथे उपयोगी पडलं. फिनिशमध्ये पंधरा विभक्त्या आहेत. वर्गातल्या बाकीच्यांना त्यांची धास्ती वाटते, मला नाही वाटली. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून. आपल्यासारखंच शब्दाला शेपूट जोडायचं. शेपूट जोडताना मूळ शब्दही आपल्यासारखाच बदलतो. आपलं पाणी 'पाण्यात' होतं, तसं त्यांचं 'वेसी' 'वेदेस्सॅ' होतं. हे कळलं त्या रात्री मी तुम्हाला फोन करणार होते, पण तिकडे पहाट व्हायची होती.

तरी बोलायला तोंड उघडत नव्हतं. एका हॉटेलात मी घोकून घोकून तयार केलेलं वाक्य म्हटलं. वेटरने शेवटपर्यंत ऐकलंही नाही, सरळ इंग्रजीत उत्तर दिलं. त्याच्या मनात वाईट काही नसेल, त्याला वाटलं असेल हिचं सोपं करू. पण पुढचे कितीतरी महिने मी गुपचूप इंग्रजीत मागवत राहिले.

मग एका गुरुवारी (गुरुवारी इथे वाटाण्याचं घट्ट सूप करतात, 'हेर्नेकेइत्तो', आणि सोबत भट्टीत भाजलेला गोड पॅनकेक) गल्ल्यावर एक वयस्कर बाई होत्या. त्या सुपात बहुधा डुकराचं मांस असतं, म्हणून मला विचारायचं होतं. मधेच शब्द अडकला. मागे रांग, माझे कान गरम. त्या बाईंनी हातातलं पावतीचं भेंडोळं खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एइ कीरेत्तॅ." म्हणजे घाई नाही. मागची रांगही हलली नाही. मी वाक्य पूर्ण केलं, "ओन्को तॅस्सॅ लिहा?" यात मांस आहे का? (लिहा म्हणजे मांस, हे तुमच्या मुलीने कधी विसरणं शक्य नाही.) त्यांनी सावकाश, फिनिशमध्येच, शेजारचं भाज्यांचं सूप दाखवलं. त्या दिवसापासून कुणी इंग्रजीवर आलं, की मी हसून सांगते, मी फिनिश शिकतेय, फिनिशमध्येच बोलू या. बहुतेकांना आनंद होतो.

आई, तेव्हा मला हुबळीचा बाजार आठवला. बाबांची बदली झाली होती, मी चौथीत असेन. भाजीवाली तुझ्याशी हिंदी बोलायची आणि तू परत कन्नडमध्ये "एष्टु?" विचारायचीस. मला लाज वाटायची, तुझा पदर ओढायचे, चल ना म्हणायचे. वर्षभरात ती बाई तुला कन्नडमध्ये सासूच्या तक्रारी सांगायला लागली होती. तू तिथे काय करत होतीस ते मला आत्ता कळलं. तेव्हाच्या पदर ओढण्याबद्दल माफ कर.

नागरिकत्वासाठी 'यूकी' नावाच्या भाषापरीक्षेत तिसरी पातळी लागते. ती मी देणार आहे. अभ्यास लोउनासच्या रांगेतच चालतो.

तुम्ही आलात की आधी जुन्या बाजारात जाऊ. तो 1901पासून आहे, छताखाली सगळी दुकानं. तिथे कॉफी तू मागवायचीस, आई. मी मागे उभी राहीन, मधे बोलणार नाही. आत्तापासून म्हणून बघ: "काक्सी काह्विआ, कीतोस." दोन कॉफी, धन्यवाद. बाबांना चहा लागतो, तो मी सांगेन.

तुमची,
धाकटी