आपला गोटा उकळला! पोलाद मंत्र्यांना तुमसरहून खुले पत्र

मा. श्री. एच. डी. कुमारस्वामी,
केंद्रीय पोलाद व अवजड उद्योग मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. माझी हिंदी बाजारापुरती, आणि कन्नडचा तर गंधही नाही. पण तुमच्या अखत्यारीतल्या मॉईल या सरकारी मँगनीज खाण कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे, तेव्हा वाचून सांगणारं कुणीतरी मिळेलच.

मी तुमसर तालुक्यात 27 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. मँगनीज डायऑक्साइडची बाटली आम्ही कधी विकत आणली नाही. मॉईलची खाण असलेल्या डोंगरी बुजुर्गकडची पोरं खिशातून मँगनीज खनिजाचा काळा गोटा घेऊन यायची. खलबत्त्यात तो कुटायचा, मेडिकलमधून आणलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर टाकायचा, की फसफसून फेस वर. विझत आलेली उदबत्ती परीक्षानळीच्या तोंडाशी धरली की भपकन पेटायची. दरवर्षी कुणीतरी ओरडायचंच, "सर, आपला गोटा उकळला!" बोटं दोन दिवस काळी राहायची. घरी कुणी रागवत नसे, कारण निम्म्या घरांत बापाचेही हात तसेच असायचे.

हे पत्र त्या गोट्याबद्दल आहे.

2023 च्या फेब्रुवारीत जम्मूच्या रियासीत 59 लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा अंदाज जाहीर झाला आणि देशभर आनंदीआनंद झाला. लिलाव काढला तेव्हा पुरेसे बोलीदारच आले नाहीत. पुढच्या वर्षी सरकारी कंपनी 'काबिल'नं बॅटरीला लागणारं लिथियम शोधायला अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात पाच ब्लॉक घेतले. घ्यावेत, माझी ना नाही. पण तुमसर, बालाघाट, रामटेक या पट्ट्यात शंभर वर्षांहून जास्त काळ मँगनीजच्या खदानी चालू आहेत. रूळ आहेत, वीज आहे, पिढ्यानपिढ्यांचे कसबी कामगार आहेत. आणि 2023 सालीच केंद्रानं 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तिच्यात मँगनीज नाही! अमेरिकेच्या 2022 च्या यादीत ते आहे. युरोपीय संघानं तर बॅटरीच्या दर्जाचं मँगनीज सामरिक महत्त्वाच्या मालात धरलंय.

यामागचं कारण मला कळतं. जगातलं 90 टक्क्यांवर मँगनीज पोलादाच्या भट्टीत जातं, म्हणून आपल्याकडे ते पोलादाचं तोंडी लावणं समजलं जातं. पण डोंगरी बुजुर्गला मॉईलचाच इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे, वर्षाला 1,500 टन क्षमतेचा. माल जातो टॉर्चच्या साध्या सेलांना. ही भुकटी करायची पद्धत अशी: खनिज भाजून त्यातला ऑक्सिजन कमी करायचा, मग ते सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचं, द्रावण गाळून शुद्ध करायचं आणि त्यातून वीज सोडायची. धन इलेक्ट्रोडवर काळा थर चढतो, तो खरवडून, धुऊन, दळायचा.

साहेब, यातलं मधलं द्रावण बघा. ते मँगनीज सल्फेट आहे. विजेवरच्या गाड्यांच्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरीला हेच सल्फेट लागतं, अतिशुद्ध स्फटिकांच्या रूपात. जगात हे अतिशुद्ध सल्फेट 90 टक्क्यांहून जास्त चीन बनवतो, आणि तेही बरंचसं खनिज बाहेरून आणून. म्हणजे चीनची ताकद जमिनीखाली नाही, कारखान्यात आहे. आपण अर्ध्या वाटेवर कधीचे येऊन बसलोय, आणि तिथूनच टॉर्चच्या सेलाकडे वळतो.

उरलेली अर्धी वाट सोपी आहे असं मी म्हणत नाही. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम या अशुद्धींचे दहा लाखांत किती भाग उरले ते मोजावं लागतं. सध्या स्वस्त गाड्यांत चालणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटरीत मँगनीज नसतंच, हेही खरं. पण तिच्यात मँगनीज घालून ताकद वाढवलेला प्रकार आता आला आहे. पोलादालाच खनिज पुरत नाही, आयात करावी लागते, असं तुमचे अधिकारी सांगतील. तेही खरं. पण बॅटरीला लागणारा माल टनांनी थोडा आणि भावानं कितीतरी चढा.

आणि हे तुम्हालाच का लिहितोय? मॉईल तुमच्या पोलाद मंत्रालयाकडे. बॅटरी कारखान्यांसाठीची 2021 ची 18,100 कोटींची प्रोत्साहन योजना तुमच्याच अवजड उद्योग मंत्रालयाकडे. दोन्ही फायली एकाच टेबलावर असताना त्यांची गाठ पडू नये, याचं नवल वाटतं. खाण मंत्रालयाकडे 16,300 कोटींचं महत्त्वाच्या खनिजांचं मिशन आहे, तिकडे मँगनीजसाठी शब्द टाकणंही तुम्हालाच शोभेल.

कारखाना आला तर सांडपाणीही येईल. सल्फेट, आम्ल, गाळ. आमचं पाणी वैनगंगेला मिळतं, आणि नागपूरची घाण नाग नदीतून कन्हान आणि तिथून वैनगंगेत कशी पोहोचते, हे भंडारा जिल्हा बघतोच आहे. तेव्हा पाण्याचा हिशेब पहिल्या दिवशी आणि उघडपणे मांडा. नोकऱ्यांच्या बदल्यात नदी द्यायला इथलं कुणी तयार होणार नाही.

मागणी एवढीच: डोंगरी बुजुर्गला अतिशुद्ध सल्फेटचा छोटा प्रायोगिक कारखाना काढा. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि अभियांत्रिकी संस्था व्हीएनआयटी तासा-दोन तासांवर आहेत. आयटीआयची पोरं इथलीच घ्या.

कधी आलात तर तुमसर रोडहून तिरोडीच्या गाडीत बसा. गोबरवाही गेलं की डाव्या-उजव्या हाताला काळे ढीग दिसू लागतील. पेरॉक्साइडची बाटली मी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, तुमसर, जि. भंडारा