माननीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : आम्हाला फक्त फाइल द्या

माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

स.न.वि.वि.

मी डिचोली तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मुलांकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेण्यात सगळी नोकरी गेली आणि आता साठी उलटल्यावर स्वतः नवी लिपी शिकले, बोटांनी वाचायची ठिपक्यांची ब्रेल. नातवासाठी. त्याला जन्मापासून दिसत नाही. गावच्याच मराठी शाळेत तो तिसरीत आहे.

त्याच्या मराठीच्या पुस्तकाची पीडीएफ हाती आली तेव्हा वाटलं, सुटलो. मोबाइलवर उघडली आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा टॉकबॅक सुरू केला. पहिल्या धड्याच्या नावाच्या जागी तो वाचू लागला, ‘डब्ल्यू, कंस, के, स्लॅश, एच...’ नातू हसत सुटला, त्याला वाटलं आजीच गंमत करतेय. माझ्या डोळ्यांपुढे मात्र स्वच्छ मराठी होतं. भाचा छापखान्यात डीटीपी करतो, त्याने उलगडा केला. जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. आपल्याला मुखवटा दिसतो, यंत्राला आतलं इंग्रजी. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे असा घोळ होत नाही. ती फाइल कोणी केली याची चौकशी मला करायची नाही, पण असल्या फाइलचं ब्रेलही होत नाही.

मग आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट केला. आज अकरा जण आहोत. साखळीतला एक बँकवाला, पेडण्याची कॉलेजकुमारी, पुण्यात स्थायिक झालेली माझी जुनी विद्यार्थिनी, आणि स्वतः अंध असलेले एक गृहस्थ, जे आम्हा सगळ्यांच्या चुका काढतात. मी पानांचे फोटो टाकते, कोणी मोबाइलकडून अक्षरं ओळखून घेतो, कोणी हाताने टाइप करतो. मोबाइल ‘घ’ला ‘ध’ समजतो, ‘भ’ला ‘म’. एकदा तपासणीतून एक ओळ निसटली आणि नातवाने विचारलं, ‘आजी, धरात म्हणजे कुठे?’ डोळस मूल अशी चूक चित्र बघून सुधारून घेतं. हा बोटाला लागेल ते खरं मानतो.

चित्रांचा ताप वेगळाच. ‘चित्रात काय दिसते ते सांगा’ या प्रश्नाखाली आम्ही चित्राचं वर्णन लिहितो. पुणेकरणीने लिहिलं, ‘झाडाला लाल फळ लागले आहे.’ नातवाचा लगेच प्रश्न, ‘बोंडू की आंबा?’ काजूच्या बागेत वाढलेल्या पोराला ‘लाल’ सांगून काय कळणार? आता वर्णनं गोव्यातल्याच माणसाने तपासायची असा आमचा नियम आहे.

टाइप केलेला मजकूर मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ब्रेलमध्ये जातो आणि एका संस्थेच्या ओळखीने जाड कागदावर उमटतो. एका बारीक पुस्तकाची दोन-तीन बाडं होतात. यंदा चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीपर्यंत वर्ग सहाव्या धड्यावर पोचला होता, आमची छपाई दुसऱ्यावर होती.

एका कार्यालयात मला सांगितलं गेलं, ‘बाई, हल्ली ऑडिओ असतो की. ब्रेल कशाला?’ ऑडिओ आम्हीही वापरतो, गोष्टी ऐकायला तो झकास. पण कानाला ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच. नातू नुसता ऐकून शिकत होता तेव्हा जोडाक्षर म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, पाय मोडायचा ठिपका अक्षराच्या आधी येतो आणि ऱ्हस्व इकार मात्र बोलतो तसा अक्षराच्या नंतर. हे हाताला लागलं आणि पोराचं शुद्धलेखन आठवडाभरात बदललं. (मला तर वाटतं, वेलांटी आपणच उगाच आधी काढतो.) शिवाय पाचवीत सगळा कारभार इंग्रजीत जातो. ब्रेलमध्ये ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ यांचे ठिपके एकच, ‘ब’ आणि ‘बी’ यांचेही. मराठी ब्रेल पक्कं असेल तर त्याची निम्मी वाट आत्ताच चालून झालेली असेल.

त्याच कार्यालयात कॉपीराइटचाही मुद्दा निघाला. तर कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला मुभा मिळाली. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठीच्या मराकेश करारावर २०१४ साली सगळ्या जगात पहिली मान्यतेची मोहोर उठवली ती भारताने. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा कलम १७मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत द्यायला सांगतो. आणि इथे तर पुस्तक पहिली-तिसरीचं आहे हो, कोणाची कादंबरी नव्हे.

जानेवारी २०२३मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला महोत्सव, पर्पल फेस्ट, झाला तेव्हा मी नातवाला घेऊन गेले होते. तो हरखून गेला होता, मीही. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात ब्रेल विभाग आहे, त्याचंही कौतुक आहे. पण तिसरीच्या पोराला पुस्तक दप्तरात लागतं, आणि तेही बाईंनी धडा काढायच्या आधी.

म्हणून मागणं एवढंच. पुस्तक छपाईला जातं त्याच दिवशी त्याचा मजकूर युनिकोडमध्ये, कुलूप न लावता, आमच्यासारख्यांना मिळावा. छापखान्याशी करार करताना एक ओळ वाढवली की झालं. चित्रांची वर्णनं आम्ही लिहू, तपासू, एक पैसा मागणार नाही. फाइल तयार झाली की ती केंद्र सरकारच्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात चढवावी, म्हणजे काणकोणातल्या मुलाला आमच्या गटाचा नंबर शोधत बसायला नको. ब्रेल येणारे शिक्षक तालुक्यात हवेत, हे तर आहेच. त्याला वेळ लागेल हे मी नोकरी केली असल्याने जाणते.

नातू पुढच्या वर्षी चौथीत जाईल. चौथीचं पुस्तक आम्ही अजून टाइप करायला घेतलेलं नाही, मुद्दाम थांबलो आहोत. फाइल कुठल्या टेबलावरून घ्यायची तेवढं कळवा, पेनड्राइव्ह घेऊन मी पर्वरीला येते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली